बिनआवाजाचा पंप

सुगंधाच्या घरात सहा पंप चालू होते आणि तिला झोप हवी होती. गोष्ट एवढीच आहे, पण एवढ्यावर भागत नाही.

पंप म्हणजे विहिरीवरचे नव्हेत. माशांच्या काचेच्या टाकीत हवा सोडतात ते, साबणाच्या डबीएवढे. एका अंगाला वायर, दुसऱ्या अंगाला बारीक नळी, नळीच्या टोकाला पाण्यात सोडायचा भोकाभोकांचा दगड. दगडातून बुडबुडे निघतात, मासे त्यात नाचतात, आलेला पाहुणा म्हणतो वा, काय प्रसन्न वाटतंय हो तुमच्याकडे! पाहुण्याचं काय जातं म्हणायला? तो चहा पिऊन उठतो. पंपाशेजारी उशी घेऊन जो झोपतो त्याला विचारावं.

घाटकोपरच्या भटवाडीतली दहा बाय बाराची खोली. भिंतीवर फळी, फळीवर सहा पंप ओळीने बसवलेले, आणि सगळ्यांच्या नळ्या खाली एका पाण्याच्या पिंपात सोडलेल्या. सहाही जणांचे आवाज वेगवेगळे. एक गुणगुणायचा, एक खरखरायचा, एक मधेच फडफड करून गप्प व्हायचा आणि आपण डोळे मिटले की परत सुरू. दुरुस्त केलेला पंप चोवीस तास चालवून बघितल्याशिवाय घराबाहेर जायचा नाही, असा सहदेवचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, नियम होता. नियम चांगला होता. पण तो पाळायला त्याला काय लागत होतं? त्याला ऐकूच येत नव्हतं.

सव्वीस वर्षं त्याने परळच्या एका गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या खात्यात, काढली होती. एका छपराखाली शेकडो साचे धडाधडा चालतात तिथे माणसाचे कान किती वर्षं टिकणार? त्या खात्यात कुणी कुणाशी आवाजाने बोलतच नसे. ओठ बघायचे आणि बोटं बघायची. चहाला येतोस का, जॉबर मुकादम येतोय, घरून तार आलीय, सगळं वीस-पंचवीस हातांवरून ओठांनी सांगून व्हायचं. त्यामुळे कान गेले कधी हे सहदेवला कळलं नाही, आणि कळलं तेव्हाही त्याने ते कबूल केलं नाही. समोरच्याचे ओठ दिसले की त्याला सगळं समजायचं. तो मोठ्याने बोलायचा, तर लोक म्हणायचे गिरणीवाला आहे, बोलणारच.

मग संप झाला. संप संपला की नाही हे कुणी सांगितलंच नाही, पण गिरणीचा दरवाजा सहदेवसाठी परत उघडला नाही. दोन वर्षं तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला. दारू नाही, भांडण नाही, काही नाही. नुसता बसला. भिंतीकडे तोंड केलं की त्याला कुणाचे ओठ दिसत नसत, म्हणजे कुणी काही बोललंच नाही. सुगंधा त्याच्या पाठीशी बोलून बोलून दमली. मुलीचं, राधाचं, लग्न ठरलं तेव्हा ते सांगायला तिला खाट ओढून भिंतीपासून लांब करावी लागली होती.

आणि पंप घरात आणला कुणी? तिनेच. आता बोला!

भटवाडीच्या नाक्यावरच्या दवाखान्यात ती सकाळी आठ ते दोन कामाला होती. नंबर द्यायचे, बाटल्या धुवायच्या, पुड्या बांधायच्या. तिथे पेशंटांच्या बाकड्यासमोर माशांची टाकी होती. एके दिवशी तिचा पंप बंद पडला. टाकी बसवली होती क्लेमेंटने. हा अंधेरीचा, मरोळच्या गावठाणातला माणूस. बापजाद्यांची भाताची शेतं होती, ती गेली, आणि याने नाक्यावर माशांचं दुकान काढलं. तो म्हणाला, फेकून द्या डॉक्टर, नवीन घ्या. सुगंधाने तो फेकलेला पंप पदरात गुंडाळून घरी आणला आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, भिंत बघून कंटाळला असाल, हे बघा.

सहदेवने तो उघडला. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी, लोखंडाचा एक दांडा, आणि दांड्याच्या टोकाला रबराची वाटी. वीज आली की दांडा थरथरतो, वाटी दबते आणि सुटते, आणि तेवढ्यावर हवा निघते. वाटीला चीर गेली होती. त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला, पंप तळहातावर घेऊन चालू केला, आणि डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला. त्या दुपारी त्याने दोन वर्षांत पहिल्यांदा भात मागून घेतला. सुगंधा मोरीत जाऊन रडली.

पुढे काय, क्लेमेंट स्वतः बघायला आला, कोण हा कारागीर म्हणून. देवाची कृपा म्हणजे क्लेमेंटला मिशी नव्हती. भरघोस मिशा असत्या तर सगळं तिथेच आटपलं असतं. त्याचे ओठ स्वच्छ दिसत होते आणि सहदेव पटापट उत्तरं देत होता. हळूहळू क्लेमेंटकडची दुरुस्तीची सगळी कामं भटवाडीला यायला लागली. नवे पंप आले की निवडायलाही तो सहदेवला दुकानात बोलवायचा. दहा पंप मांडलेले असायचे. सहदेव एकेक तळहातावर घ्यायचा, बोटं कवचावर टेकवायचा आणि सांगायचा, हा घे, हा घे, हा परत पाठव. त्याने नाकारलेला पंप क्लेमेंटने हट्टाने विकला तर महिन्याभरात गिऱ्हाईक तो घेऊन दारात उभं. गिऱ्हाइकांनाही सहदेव नीट सांगायचा. पंप नेहमी पाण्याच्या वर टांगा, खाली ठेवलात तर वीज गेल्यावर टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात येईल. टाकी खोल असेल तर जोराचा घ्या, बरणीएवढी असेल तर बारका घ्या, उगाच मोठेपणा नको. दगड चोंदला की बदला, नाहीतर बिचाऱ्या रबराचा जीव जातो. महिन्यातून एकदा खालची हवा गाळणारी बनातीची चकती धुवा. लोक ऐकायचे. गिरणीत सव्वीस वर्षं त्याचं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

क्लेमेंट मरोळपासून मुलुंडपर्यंत सांगत सुटला, "आपल्याकडे कानाचा माणूस आहे. पंप नुसता ऐकून सांगतो." सहदेव हसायचा आणि गप्प बसायचा. सुगंधा पण गप्प बसायची. काय सांगणार? सांगितलं की काम गेलं, आणि काम गेलं की परत ती भिंत. त्या भिंतीची तिला एवढी धास्ती होती की खाटेची जागाच तिने बदलून टाकली होती.

पण बोटांना सगळं कळलं तरी गिऱ्हाइकाला कान असतात. बोटांना चांगला लागलेला पंपही कधी कधी कानाला बारीक किणकिण करतो. म्हणून मग नवराबायकोत साचेखात्यातला रिवाज सुरू झाला. सहदेव पंप चालू करायचा आणि तिच्याकडे बघून आपल्या मालवणीत विचारायचा.

"कसो वाजता?"

ती बोट दाखवायची. एक बोट, म्हणजे ऐकूच येत नाही. दोन, म्हणजे पंख्याच्या आवाजात बुडेल. तीन, म्हणजे गिऱ्हाईक कुरकुर करेल. चार, म्हणजे परत घेऊन येईल. चार आलं की पंप उघडायचा, तीन आलं तरी उघडायचा. सहदेव दोनवरही खूश नसायचा.

पहिले सहा महिने तिला मजा वाटली. नवरा आपल्याकडे बघतोय, आपल्याला विचारतोय. लग्नानंतर इतक्यांदा त्याने तिच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं. पुढे दोन वर्षं झाली. स्वयंपाक करताना "कसो वाजता?", केस विंचरताना "कसो वाजता?", दवाखान्यातून येऊन चपला काढते न काढते तोच "कसो वाजता?" दवाखान्यात पंप, घरात सहा पंप, आणि पंप नसतील तिथे तिच्या डोक्यात पंप. शेजारची विमला भिंतीवर मूठ आपटून ओरडायची, "सुगंधा, बंद कर गं ते, माझं डोकं उठलं!" आणि सुगंधा इकडून मनात म्हणायची, बाई गं, तुझं नुसतं डोकं उठलंय, माझा जीव उठलाय. झोप अशी तिला लागतच नव्हती. डोळा लागायचा आणि फडफड्या पंप तिला उठवायचा. शेजारी नवरा मेल्यासारखा गाढ झोपलेला. त्याचा तिला कधी कधी असा राग यायचा की काही विचारू नका.

शहाऐंशी सालच्या थंडीत क्लेमेंट एक काम घेऊन आला. मुलुंडला नलिनीताई म्हणून गाणं शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांच्या वर्गाच्या खोलीत त्याने मोठी टाकी बसवली होती. लहान मुलं गाणं शिकायला येतात, मासे बघून रमतात. पण पंप चालू असला की बाईंना चालत नसे. तानपुरा लावताना तो मधे गुणगुणतो म्हणे. तीन पंप त्यांनी परत केले होते. पंप बंद ठेवावा तर मासे वर येऊन तोंड उघडतात. क्लेमेंट म्हणाला, "सहदेव, या बाईंचा कान म्हणजे कान आहे. पण तुझा पण आहे ना! तूच निवड, तूच लाव, रविवारी स्वतः येऊन बसवून दे. हे जमलं ना, तर त्यांच्या ओळखीने नाट्यगृहात, शाळेत, सगळीकडे आपलं नाव होईल."

सहदेव पंधरा दिवस त्या एका पंपामागे होता. चार पंपांचे सुटे भाग काढून त्याने एक बांधला. दांडा कानशीने घासून हलका केला, रबर दोनदा बदललं, तळाला स्पंजाचे पाय चिकटवले. आणि दर तासाला, "कसो वाजता?"

शनिवारी दुपारी सुगंधा दवाखान्यातून आली ती नुसती भिंतीला धरून. तापाची साथ होती. सकाळपासून दीडशे नंबर तिने ओरडून दिले होते. पाय सुजले होते, कपाळ ठणकत होतं. तिने जेवणाचं ताट झाकलेलं तसंच ठेवलं आणि जमिनीवर आडवी झाली. खाटेपर्यंतसुद्धा गेली नाही.

पाठीवर हात पडला. सहदेव.

"कसो वाजता?"

तिने कान दिला. फळीवरच्या सहांच्या गलक्यातून त्या सातव्याचा आवाज वेगळा काढायचा म्हणजे तांदळातून खडे निवडण्यासारखंच. गुणगुण नव्हती. पण मधे मधे बारीकसं टक्. परत टक्. दांडा आत कुठेतरी लागत होता. तिने तीन बोटं दाखवली.

त्याने उघडला, काही केलं, बंद केला. "आता?"

टक्. तीन.

"आता?"

तीन.

असं पाच वेळा झालं. दर वेळी तिचा डोळा लागायच्या बेतात यायचा आणि पाठीवर हात पडायचा. सहाव्या वेळी तिने डोळे उघडले तर तो उकिडवा बसलेला, चष्मा नाकावर घसरलेला, तिच्या हाताकडे बघत. पंप टक् करत होता. अगदी बारीक. तिला वाटलं, एवढंसं टक् कुणाला कळणार आहे? गाण्याच्या बाई गाणं म्हणतील की टक् मोजत बसतील? आणि खरं सांगायचं तर असं काही वाटलंही नाही. तिला वाटलं, आता पुरे. देवा, आता पुरे.

तिने एक बोट वर केलं.

पंप त्याच्या तळहातावर होता. तो एकदा पंपाकडे बघत होता, एकदा तिच्या बोटाकडे.

"एक? नक्की?"

तिने मान हलवली आणि कूस बदलली. मग त्याने तिला उठवलं नाही. ती सहा पंपांच्या आवाजात तशीच संध्याकाळपर्यंत झोपली.

रविवारी सहदेवने धुतलेला सदरा घातला, पंप स्वच्छ कपड्यात बांधला. राधाचं सासर मुलुंडलाच होतं. तिच्याकडे जेवायला जायचं होतं, म्हणून सुगंधाही बरोबर निघाली. वाटेत पंप तुमचा तुम्ही बसवा, मी सरळ राधाकडे जाते, असं ती दोनदा म्हणाली. त्याने ऐकलं नाही, म्हणजे त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. तो फार खुशीत होता.

नलिनीताईंची खोली नीटनेटकी. सतरंजी घातलेली, कोपऱ्यात दोन तानपुरे, भिंतीला लागून लाकडी कपाट आणि कपाटावर ती मोठी टाकी. क्लेमेंट आधीच आला होता. ताई साठीच्या, बारीक, बोलायला मऊ. त्यांनी सुगंधाला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांची फार तारीफ ऐकली हो."

सहदेवने टाकीमागे, पाण्याच्या वर, कपाटाच्या वर आलेल्या उभ्या फळीला खिळा मारून पंप टांगला. नळी जोडली, दगड वाळूत सोडला, बटण दाबलं. बुडबुड्यांची सरळ, बारीक, सारखी माळ वर आली. मासे भराभर जमा झाले. तो मागे सरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याचं तोंड असं फुललं की सुगंधाला त्यांच्या लग्नातला फोटो आठवला.

आणि मग तिने ऐकलं.

घरी जे बारीकसं टक् होतं ते इथे पोकळ लाकडी कपाटात शिरून दाणकन बाहेर येत होतं. टक्. टक् टक्. टक्. कुणीतरी आत बसून कपाट ठोठावतंय असं. क्लेमेंटने भुवया वर केल्या. ताई सतरंजीवर बसल्या, तानपुरा मांडीवर घेतला आणि टाकीकडे पाठ करून तारा छेडल्या. तारा झंकारल्या, आणि त्यांच्यावर टक्. त्यांनी तारांवर हात ठेवून त्या थांबवल्या.

"छे हो," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "हा तर सगळ्यांत मोठा वाजतोय. बंद करा बघू."

सहदेव बुडबुड्यांकडे बघत होता.

"सहदेव, बंद कर," मागून क्लेमेंट म्हणाला.

सहदेव माशांकडे बघून हसला.

"अरे सहदेव! बंद कर ना यार!"

"बघा ताई," सहदेव टाकीकडे बघतच, त्याच्या त्या गिरणीच्या आवाजात म्हणाला, "एक नंबर! पंप आहे की नाही ते कळणार पण नाही तुम्हाला. आता रात्रंदिवस चालू ठेवा. काय टाप आहे गाण्याच्या मधे येण्याची!"

टक्, टक् टक्, टक्.

सुगंधाला उठून त्याच्या समोर जायचं होतं, पण ती खुर्चीतच बसून राहिली. शेवटी ताई तानपुरा बाजूला ठेवून वळल्या. त्याच्या समोर आल्या. रागावल्या नव्हत्या, खरोखरच नवल वाटून त्यांनी विचारलं, "अहो, तुम्हाला ऐकू येत नाही का?"

हे त्याला दिसलं. त्याने ताईंकडे बघितलं, वळून क्लेमेंटकडे बघितलं आणि मग सुगंधाकडे. तिने मान खाली घातली. त्याने हात लांब करून कपाटाच्या फळीवर बोटं टेकवली. टक् त्याच्या बोटांत आलं असणार. त्याने बटण बंद केलं.

"येतं की," तो म्हणाला. "थोडं कमी येतं."

पंप परत कपड्यात बांधून तो निघाला, तेव्हा बाहेर जिन्यात क्लेमेंटने त्याचा दंड धरला. तो चिडला होता, त्याहून जास्त त्याला वाईट वाटलं होतं. "दोन वर्षं, सहदेव! मी सगळीकडे बोंबलत फिरतोय, कानाचा माणूस, कानाचा माणूस. लोक आता माझ्या तोंडावर हसतील. मला सांगायचं होतंस ना रे. आज मला काय बोलावं तेच सुचत नाही. उद्या दुकानात ये, बघू." आणि स्कूटर चालू करून तो गेला. बघू म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नाही.

राधाकडे ते गेलेच नाहीत. आईला बरं नाही असा कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन करून सहदेवने घरचा रस्ता धरला. म्हणजे बोलला तो, पलीकडून काय आलं ते सुगंधाने कानाला लावून ऐकलं. सबंध वाटेत तो एक शब्द बोलला नाही. सुगंधा मनात म्हणत होती, चिडा, अहो, ओरडा, चारचौघांत ओरडा. आता हा माणूस खाटेवर बसणार आणि भिंतीकडे वळणार. आपणच बसवला त्याला परत.

घरी आल्यावर तो खाटेवर बसलाच. पण वळला नाही. कपड्यातून पंप सोडवून त्याने मांडीवर घेतला आणि आपल्या उजव्या हाताची बोटं उघडमीट करून बघत राहिला. फळीवर सहा पंप चाललेच होते.

"काय बघताय?" तिने त्याच्यासमोर जाऊन विचारलं.

"टक् होता, ता काल बोटांक लागत होता गो," तो म्हणाला. "सहाच्या सहा वेळा लागला. पण तू एक बोट दाखवलंस. माका वाटलं, कान गेले तशी आता बोटं पण गेली. काल रात्रभर मी तेच बघत होतो. एकेक पंपाला हात लावून. लागतंय तर सगळं. मग म्हटलं, लागतंय ते खरं नसेल. तुला ऐकू येतं, तुझंच बरोबर."

सुगंधा झटकन वळली. मोरीपाशी जाऊन तिने उगाच तांब्या उचलला, आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "मी खोटं सांगितलं. तुमची बोटं बरोबर होती." म्हटलं खरं, पण ते सहा पंपांना ऐकू गेलं, नवऱ्याला नाही. असं सांगून भागण्यातलं नव्हतं. तो अजून बोटं उघडमीट करत होता. तिला वाटलं, हे असंच राहू दे. त्याला काय कळतंय! बोटांवरचा भरवसा गेला तर जाऊ दे, माझ्यावरचा तर राहील. आणि असं वाटल्याची तिला इतकी लाज वाटली की तांब्या तिथेच टाकून ती आली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली, त्याची हनुवटी धरून वर केली आणि एकेक शब्द सुटा करून ओठांनी सांगितलं.

"टक् होतं. मला ऐकू येत होतं. मी खोटं बोट दाखवलं. मला झोप हवी होती."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"परत बोल."

तिला वाटलं, कळलं असूनही हा शिक्षा म्हणून विचारतोय. पण तो खरंच नीट बघत होता, साचेखात्यात लांबून आलेला निरोप बघावा तसा. तिने परत सांगितलं. या वेळी ओठ थरथरत होते, तरी त्याला कळलं.

"झोप हवी होती," तो म्हणाला.

"हो."

"मग सांगायचं ना गो."

तिने किती वेळा सांगितलं होतं, त्याच्या पाठीला, त्याच्या झोपलेल्या तोंडाला, मोरीतल्या भांड्यांना. समोर बसून, हनुवटी धरून एकदाही नाही.

सहदेवने स्क्रू काढले. पंप उघडून दांड्याला बोट लावलं, एका जागी कागदाची बारीक घडी सरकवली, परत बोट लावलं. बंद करून चालू केला आणि तळहातावर धरून डोळे मिटले. सुगंधाने कान दिला. काही नाही. आधीचं बारीक टक् नाही, गुणगुण नाही. नळीतून बुडबुडे मात्र निघत होते. तो डोळे उघडेल आणि विचारेल, म्हणून ती वाट बघत बसली. सांगायला तिचा जीव नुसता आसुसला होता.

त्याने डोळे उघडले. पंप बंद केला, कपड्यात बांधून पिशवीत ठेवला.

"उद्या मरोळला जातो," तो म्हणाला. "क्लेमेंटला सांगतो, कान नाहीत, बोटं आहेत. चालत असेल तर बघ." मग उठून त्याने फळीवरचं बटण दाबलं. सहाही पंप एकदम थांबले. पिंपातलं पाणी स्थिर झालं. पलीकडे विमलाच्या घरातला रेडिओ ऐकू यायला लागला, जिन्यात कुणीतरी बादली ठेवली ती ऐकू आली.

तो उशी घेऊन आला, तिच्याजवळ जमिनीवर ठेवली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आजारी मुलावरून फिरवतात तसा.

"तू नीज आता," तो म्हणाला. "मी तुका परत विचारूचंय नाय."